रांजणाच्या पोटावरचे वळ

मी दिपोटीसाहेबांची माफी मागितली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नात्यात अजून अशी माणसं आहेत जी म्हणतात, की शेवटी तिनं लिहून दिलं आणि प्रकरण मिटलं. प्रकरण मिटलं हे खरं. लिहून मात्र मी दिलं नाही. कागद तयार होता. वडिलांनी स्वतः, टाकाला नवं निब घालून, सुरेख अक्षरात तो लिहिला होता. खाली माझी सही तेवढी व्हायची होती. ती झाली नाही.

हे एकोणीसशे तीस साल उलटून तीन-चार वर्षं झाल्यावरचं. मी बावीस वर्षांची होते. पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात दोन वर्षं काढून सोलापूरला परत आले होते आणि भवानी पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत चौथीचा वर्ग घेत होते. लग्न झालं नव्हतं, त्यामुळे आळीतल्या बायकांना माझ्याबद्दल बोलायला विषय होता. वडील कलेक्टर कचेरीत कारकून. त्यांच्या दृष्टीनं जगात दोनच प्रकारची माणसं होती, शेरा मारणारी आणि शेरा मारून घेणारी. आपण दुसऱ्या प्रकारात आहोत याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही.

शाळा एका तालमीशेजारच्या माडीवर भरायची. माझ्या वर्गात एकतीस मुली. निम्म्या मराठी घरांतल्या आणि निम्म्या विणकरांच्या. विणकरांच्या मुली घरी तेलुगू बोलायच्या, शाळेत मराठी, आणि घाईत असल्या की दोन्ही एकदम. सकाळी मागावर आईला सुताच्या कांड्या भरून देऊन त्या शाळेत यायच्या. हाताच्या बोटांना रंग लागलेला असायचा. हेडबाई म्हणायच्या, "यांना आधी हात धुवायला लावा." मी एकदा लावले. रंग निघाला नाही. पुन्हा लावले नाहीत.

त्या वर्षी इतिहासाला एक नवं पूरक पुस्तक लागलं होतं. शाळा तपासायला जे सरकारी अधिकारी यायचे, ज्यांना सगळे दिपोटी म्हणत, त्यांनीच ते लिहिलं होतं. पुस्तक वाईट नव्हतं, हेही सांगायला हवं. राजांच्या लढायांच्या पलीकडे जाऊन जुनी माणसं काय खात, काय नेसत, धान्य-पाणी कशात साठवत, असं त्यात बरंच होतं. शेवटचा धडा भांड्यांवर होता. मिसर म्हणजे इजिप्त देशातले टोकदार बुडाचे घडे, ज्यांची तोंडं चिखलानं लिंपून वर शिक्का मारत. क्रीट नावाच्या बेटावरच्या राजवाड्यात, तळघरात ओळीनं उभे असलेले माणसाच्या उंचीचे रांजण. आणि आपल्याकडे सिंधमध्ये जमिनीखाली जे जुनं शहर सापडलं, तिथले धान्याचे रांजण. धड्याच्या समोर गुळगुळीत कागदावर छापलेलं एक पान होतं आणि त्यावर दोन रांजणांचे फोटो होते. एक क्रीटचा, एक सिंधचा.

धड्यात लिहिलं होतं, 'प्राचीन लोकांना सौंदर्याची एवढी आवड होती की धान्याच्या साध्या रांजणावरही ते दोरीसारखी सुंदर नक्षी काढत.' मी तसंच शिकवलं. मुलींनी तसंच म्हणून दाखवलं. मी पुस्तक मिटणार, एवढ्यात मागच्या रांगेतली एक विणकराची मुलगी उठून उभी राहिली. ती फारशी बोलत नसे. तिचं पुस्तक उघडं होतं आणि बोट सिंधच्या रांजणावर होतं.

"बाई, हे काढलेलं नाही."

"मग काय आहे?"

"हे पिळलेलं आहे. ह्यात पीळ दिसतो. उजव्या हाताचा पीळ."

बाकीच्या मुली हसल्या. मी पुस्तक खिडकीशी नेलं आणि डोळ्यांजवळ धरलं. रांजणाच्या पोटाभोवती चार-पाच रेघा होत्या, आणि त्या रेघांत बारीक तिरक्या रेघा. सगळ्या एकाच बाजूला कललेल्या, थेट दोरीच्या पेडांसारख्या. मी तो फोटो दहा वेळा पाहिला होता आणि मला हे दिसलं नव्हतं. जन्मल्यापासून सूत पाहणाऱ्या मुलीला ते एका नजरेत दिसलं.

"नक्षी काढणारानं तसा पीळ काढला असेल," मी म्हटलं.

"मग हितं दोन रेघा एकमेकींवर का चढल्या आहेत?" ती म्हणाली. "हितं दोरीचं टोक आत खोचलंय."

खरंच तसं होतं. मी तिला खाली बसायला सांगितलं. नंतर दिवसभर मला स्वतःची लाज वाटत राहिली. मुलगी चुकीचं बोलली असती तर मी समजावून सांगितलं असतं. ती बरोबर बोलली म्हणून मी तिला गप्प केलं होतं.

शनिवारी शाळा लवकर सुटली तशी मी ते पुस्तक पिशवीत घातलं आणि कुंभार वेशीकडे गेले. तिथं कुंभारांची पंधरा-वीस घरं होती. रांजण कोण करतं म्हणून विचारल्यावर एका बाईनं शेवटच्या अंगणाकडे हात केला. "म्हातारी करती. पर जपून बोला. त्वांड लई हाय तिला."

म्हातारी साठीच्या आसपासची असेल. उंच, वाळलेली, लुगड्याचा काचा घट्ट मारलेला. ती एका अर्ध्या रांजणाभोवती उलट्या पावलांनी फिरत होती. एका हातात लाकडाची फळी, दुसऱ्या हातात गुळगुळीत दगड. दगडाचा हात रांजणाच्या आत, फळीचा बाहेर. आत दगड टेकवायचा, बाहेरून त्यावर फळी मारायची आणि एक पाऊल मागं. थप, पाऊल, थप, पाऊल. मी उभी राहिले. तिनं एक पूर्ण फेरा होईपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

"रांजन पायजे?" शेवटी तिनं विचारलं.

"नाही आजी, विचारायला आले होते. चाकावर नाही करत तुम्ही?"

"एवढं थोरलं चाकावर कसं उभं ऱ्हाईल? आन आमच्यात बाईनं चाकाला हात लावायचा न्हाय." तिनं भिंतीकडे मान वळवली. तिथं एक चाक टेकवून ठेवलेलं होतं. "मालक गेलं तवा दीर म्हनला, चाक आमाला दे, तुला काय कामाचं. म्या म्हनलं, चाक हितंच ऱ्हाईल. तुमी फिरवू दिऊ नगा, म्या मागनार न्हाय. चाक फिरंना तर मी फिरते की. हे बगा, फिरतीया. वीस वरसं फिरतीया."

मी पिशवीतून पुस्तक काढलं. तिनं हात लुगड्याला पुसले, पण पुस्तक हातात घेतलं नाही. मला धरायला सांगितलं आणि वाकून पाहिलं. मी काहीच सांगितलं नव्हतं. ते कुठलं, किती जुनं, धड्यात काय लिहिलंय, काहीच नाही. नुसतं विचारलं, "आजी, ह्या रांजणाच्या पोटावर काय आहे?"

"दोरीचा वळ हाय."

"नक्षी नाही?"

"नक्षी कशाची? वल्या मातीचं पोट सुटतं, बाई. खालचं वाळलेलं आसतं, वरचं वजन येतं, मदी पोट फुगतं आन फाटतं. म्हून दोरी आवळायची. बाळंतिनीचं पोट बांदत्यात न्हवं? तसं. वाळलं की दोरी काढायची. वळ ऱ्हातो त्यो ऱ्हातो." तिनं मला हाताला धरून अंगणाच्या कडेला नेलं. तिथं गोणपाटाखाली एक पुरा झालेला रांजण वाळत होता आणि त्याच्या पोटाला अंबाडीच्या दोरीचे चार वेढे होते. एका वेढ्याचं टोक आत खोचलेलं होतं.

मग मी तिला सांगितलं, की फोटोतला रांजण हजारो वर्षांपूर्वीचा आहे. तिला फारसं काही वाटलं नाही. तिनं एवढंच विचारलं, "मग आजून फुटला न्हाय? चांगली भाजनी हाय म्हनायची."

सोमवारी मी वर्गात उभी राहिले आणि मुलींना म्हटलं, की परवा मी चुकीचं शिकवलं. पुस्तकात जे आहे ते बरोबर नाही. त्या मागच्या रांगेतल्या मुलीला मी फळ्याजवळ बोलावलं आणि तिनं जे पाहिलं ते सगळ्यांना दाखवायला सांगितलं. ती एवढ्या हळू बोलत होती की पुढच्या मुलींना पुढं सरकावं लागलं. मग मी आजींनी सांगितलेलं सांगितलं. मुलींना बाळंतिणीची गोष्ट लगेच कळली. प्रत्येकीच्या घरात कुणी ना कुणी नुकतंच बाळंत झालेलं होतं.

हेडबाईंना मी तेव्हाच सांगायला हवं होतं, असं नंतर सगळे म्हणाले. मी सांगितलं नाही. त्यांनी नको म्हटलं असतं.

तपासणी तीन आठवड्यांनी झाली. भिंतींना चुना लागला, नकाशे नव्या खिळ्यांवर चढले, आणि दिपोटीसाहेब आले. ते उंच, कृश, काळा कोट घातलेले, मृदू बोलणारे गृहस्थ होते. माझ्या वर्गात त्यांनी कविता ऐकली, भागाकार घातला, आणि मग स्वतःचं पुस्तक हातात घेतलं. त्यांना त्या पुस्तकाचा अभिमान होता आणि तो असायला हरकत नव्हती. त्यांनी भांड्यांचा धडा काढला आणि चित्र वर धरलं.

"या रांजणावर काय दिसतं?"

एकतीस मुली एका सुरात म्हणाल्या, "दोरीचे वळ."

साहेब हसले. "दोरीसारखी काय?"

"दोरीचे वळ."

"नक्षी," साहेब म्हणाले. "दोरीसारखी नक्षी. पुस्तकात बघा."

तेव्हा ती विणकराची मुलगी न विचारता उभी राहिली. "पुस्तकात आहे साहेब. पण चित्रात नाही."

दारात उभ्या असलेल्या हेडबाईंचा चेहरा चुन्यासारखा झाला. साहेब माझ्याकडे वळले. आवाज तसाच मृदू.

"हे यांना कुणी शिकवलं?"

"यांनी मला शिकवलं," मी म्हटलं. "मी नंतर खात्री करून घेतली."

"कुठल्या ग्रंथावरून?"

"ग्रंथावरून नाही. कुंभार वेशीत एक आजी रांजण करतात, त्यांच्याकडून."

साहेबांनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी भूगोल घेतला.

दुपारी शेरेबुकात त्यांचा शेरा आला. मला तो अजून पाठ आहे. 'चौथीच्या शिक्षिका नेमलेलं पुस्तक सोडून अडाणी लोकांच्या समजुती शिकवतात. त्यांच्याकडून लेखी खुलासा घ्यावा.'

हेडबाईंनी मला ऑफिसात बोलावलं. त्या वाईट नव्हत्या. शाळा उभी करायला त्यांनी दहा वर्षं घालवली होती आणि एका शेऱ्यानं ती हलू शकते हे त्यांना माहीत होतं. "हे बघा," त्या म्हणाल्या, "दोन ओळी लिहून द्या. चुकून झालं, पुढं पुस्तकाप्रमाणे शिकवीन. एवढंच. त्या रांजणावर काय आहे याच्याशी तुम्हाला-मला काय करायचंय?"

"मला करायचंय," मी म्हटलं. "मी वर्गात उभी राहते ना."

"अहो, तुमचंच बरोबर असेल! पण असून उपयोग काय?"

मी नुसतं म्हटलं, की चुकून झालेलं नाही, तर चुकून झालं असं कसं लिहू? आठ दिवसांची मुदत मिळाली.

घरी वडिलांना कळलं. ते चिडले नाहीत, हे जास्त वाईट होतं. जेवण झाल्यावर त्यांनी कागद घेतला आणि खुलासा लिहायला बसले. कचेरीत अशा खुलाशांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. 'सेवेशी विज्ञापना' पासून 'क्षमस्व' पर्यंत सगळं जागच्या जागी. त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला.

"सही कर."

"अण्णा, यात लिहिलंय की मी चुकीचं शिकवलं."

"असं लिहायचं असतं."

"पण मी बरोबर शिकवलं."

"तू शिकवलंस ते बरोबर की चूक, हे ठरवायला सरकारनं माणूस नेमलाय. तो तू नव्हेस." त्यांनी टाक माझ्याकडे सरकवला. "तीस वर्षं मी नोकरी केली. मला कधी वाटलं नसेल का, की साहेब चुकतोय?"

"मग तुम्ही काय केलंत?"

"सही केली," ते म्हणाले. "आणि तुला शिकवलं."

हे ऐकून मी रडले असते, पण मला राग जास्त आला होता. मी म्हटलं, "तुम्ही मला शिकवलंत ते याच सहीसाठी असेल, तर कशाला शिकवलंत?" वडील उठून गेले. पुढचे चार-पाच दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आई दोघांना वेगवेगळं वाढायची.

मी खुलासा लिहिला, पण माझा. त्यात लिहिलं, की मी जे शिकवलं ते मला खरं वाटतं. ते खोटं असल्याचं कुणी दाखवून दिलं तर मी वर्गासमोर दुरुस्त करीन. येत्या रविवारी सकाळी कुंभार वेशीतल्या त्या अंगणात एका रांजणाची दोरी सोडायची आहे, तरी दिपोटीसाहेबांनी व शाळेच्या कमिटीनं येऊन पाहावं. हेडबाईंनी तो वाचून कपाळाला हात लावला. पण पाठवला. तो फाडून टाकणं त्यांना सहज शक्य होतं. त्यांनी तसं केलं नाही, हे मी विसरलेले नाही.

आजींना मी सांगायला गेले तर त्या म्हणाल्या, "कोन येनार हाय?"

"मोठे साहेब. कदाचित."

"येऊ द्यात. पर वल्यात पाय ठिवू नगा म्हनावं."

रविवारी कमिटीतलं कुणी आलं नाही. हेडबाई आल्या, छत्री मिटून कोपऱ्यात उभ्या राहिल्या. शेजारपाजारचे कुंभार जमले. त्यात आजींचा दीरही होता, हाताची घडी घालून. आणि मग टांगा थांबला आणि दिपोटीसाहेब एकटे उतरले. मला वाटलं नव्हतं ते येतील. काखेत पुस्तक होतं.

आजींनी त्यांना नमस्कार केला नाही, हात मातीचे होते. त्यांनी गोणपाट काढलं, दोरीचं खोचलेलं टोक नखानं मोकळं केलं आणि एकेक वेढा सोडवला. रांजणाच्या पोटावर चार रेघा उमटलेल्या होत्या. तिरक्या पेडांच्या, जिथं टोक खोचलं होतं तिथं एकीवर एक चढलेल्या.

साहेब खाली उकिडवे बसले. पुस्तक उघडून त्यांनी फोटो त्या रेघांशेजारी धरला. बराच वेळ पाहिलं. मग उठले.

"हे आजचं झालं," ते म्हणाले. "हजारो वर्षांपूर्वी असंच करत होते, हे कशावरून?"

प्रश्न रास्त होता. मी विचार करू लागले. आजींनी विचार केला नाही.

"माती तवाबी वलीच व्हती की," त्या म्हणाल्या.

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी पान आजींपुढे केलं आणि दुसरा फोटो दाखवला, क्रीटचा. "मग हे? याच्यावरही दोरी आहे. हाही वळच म्हणायचा?"

आजींनी डोळे बारीक केले. "हे वर आलंय का खाली दबलंय?"

"वर आलेलं आहे. उठावाचं काम आहे."

"मग ती नक्षी," आजी म्हणाल्या. "वर मातीची दोरी करून चिकटवलीया. दबलेला आसतो त्यो वळ, वर येती ती नक्षी. तितल्या लोकांचं बी आदी दोरी बांदूनच भागत आसंल. रोज बगून बगून डोळ्याला सवं झाली, मग दोरी नसली तर रांजन बोडका दिसाय लागला आसंल. म्हून कुनीतरी मातीची लावली." त्यांनी पुस्तकावर बोट ठेवलं नाही, वरूनच फिरवलं, आधी क्रीटच्या फोटोवर, मग सिंधच्या. "तुमचं ह्ये बरूबर हाय. ह्ये चुकलंय."

साहेबांचे कान लाल झाले होते. ते हुशार माणूस होते. आपण काय ऐकलं हे त्यांना पुरतं कळलं होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आताही नाही. त्यांनी पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पुस्तक छापून झालेलं आहे. आणि शेरा लिहून झालेला आहे."

"असू दे साहेब," मी म्हटलं. "मुलींचं उत्तरही तयार झालेलं आहे."

ते टांग्यात बसून गेले. हेडबाई माझ्याजवळ आल्या, मग छत्री उघडून चालू लागल्या. तेवढ्यात मला कुंपणापाशी वडील दिसले. कचेरीचा कोट घालून आले होते, रविवार असूनही. कधीपासून उभे होते कोण जाणे. मी त्यांच्याकडे जाऊ की नको असा विचार करत होते, तोवर ते सरळ आजींकडे गेले आणि त्यांनी टोपी काढून विचारलं, "पुरा वाळायला किती दिवस लागतात?"

"हवा आसंल तशी. पंदरा. अठरा."

"आणि मातीत काय घालता?"

"लीद. राख. चाळून."

वडील अर्धा तास विचारत राहिले. फळी हातात घेऊन पाहिली, दगड हातात घेऊन पाहिला. त्यांच्या कोटाच्या बाहीला माती लागली. घरी आल्यावर आईला म्हणाले, "लीद घालतात. म्हणून रांजणातलं पाणी गार राहतं. लीद भाजून जाते आणि बारीक भोकं राहतात." माफीच्या कागदाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. सहीसाठी हट्ट धरला नाही, आणि मी बरोबर होते असंही म्हटलं नाही. मला तेवढं पुरलं.

आता जे झालं ते सांगते. शेरा तसाच राहिला. पुढच्या महिन्यात चौथीचा वर्ग माझ्याकडून काढून मला बिगरीच्या, म्हणजे पहिलीच्याही खालच्या वर्गातल्या, मुली दिल्या. वार्षिक परीक्षेत भांड्यांचा प्रश्न आला. चौथीच्या एकतीसपैकी सव्वीस मुलींनी 'दोरीचे वळ' लिहिलं आणि सव्वीस जणींचं ते उत्तर चूक धरलं गेलं. उरलेल्या पाचजणींनी 'नक्षी' लिहिलं, त्यांना मी दोष देत नाही. ती विणकराची मुलगी मला जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, गुण कापले." मी विचारलं, वाईट वाटलं का. ती म्हणाली, "कापले तर कापले. पीळ तर दिसतोच." ती पास झाली. पुढं तिच्या घरच्यांनी तिला शाळेतून काढलं, कारण मागावर हात कमी पडत होते. ते मला थांबवता आलं नाही. मी दोनदा त्यांच्या घरी गेले होते. तिच्या आईनं मला चहा दिला आणि मान हलवली.

मे महिन्यात कमिटीनं कळवलं, की जूनपासून माझी गरज नाही. कारण दिलं नव्हतं. हेडबाईंनी मला निरोपाच्या वेळी एक पत्र दिलं, कुणालाही दाखवायला उपयोगी पडेल असं, चांगल्या कामाचं. त्यांच्या हातात तेवढंच होतं आणि तेवढं त्यांनी केलं. आळीतल्या बायका म्हणाल्या, शिकलेल्या मुलीचं हेच होतं. मावशीनं एक स्थळ आणलं, सांगोल्याचं, बिजवर. मी नाही म्हटलं. वडील म्हणाले, "ती नाही म्हणतेय." त्यांनी एवढं चार माणसांत म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आजींचा तो रांजण भट्टीत तडकला. मी गेले होते तेव्हा त्या तुकडे बाजूला करत होत्या. मला फार हळहळ वाटली. आजींना नाही. "हवा न्हाई साधली," त्या म्हणाल्या आणि नव्या मातीत पाणी ओतलं. त्यांच्या दिराची सून, नवी, अठरा-एकोणीस वर्षांची, त्यांच्याजवळ बसून माती मळत होती. मी विचारलं तर आजी म्हणाल्या, "दीर म्हनला, नगं शिकवू. पर ही सोता आली." सुनेनं वर पाहिलं आणि पुन्हा मळायला लागली.

ऑगस्टात मला दुसरं काम मिळालं. विणकरांच्या वस्तीत, एका मोठ्या घराच्या ओसरीवर, बायकांनी आपापसात मिळून मुलींसाठी एक वर्ग सुरू केला होता. मान्यता नाही, शेरेबुक नाही, दिपोटी येण्याचा प्रश्नच नाही. मागांच्या आवाजात मला ओरडून शिकवावं लागायचं. पहिल्या दिवशी समोर बावीस मुली बसल्या होत्या आणि त्यातल्या बऱ्याचजणींना मराठी धड येत नव्हतं. हातात पुस्तक नव्हतं. काय शिकवावं कळेना. मी विचारलं, "तुमच्या घरी पाणी कशात ठेवतात?"

एक म्हणाली, "कुंड." दुसरी म्हणाली, "कडव." तिसरी म्हणाली, "गोलेम, ते लय मोठं असतं, त्यात मी उभी राहिले तर दिसणार नाही." बाकीच्या म्हणाल्या, खोटं बोलते, आणि ती भांडायला उठली. मी एकेक शब्द फळ्यावर बाळबोध अक्षरात लिहिला आणि प्रत्येकीला तिचा शब्द वाचायला लावला. त्या दिवशी त्यांनी पहिली अक्षरं गिरवली ती ही. दुपारी एका मुलीची आई ओसरीवर डोकावली, फळ्यावरचं वाचलं, आणि म्हणाली, "हे बरोबर लिहिलं नाही बाई तुम्ही. आम्ही असं म्हणत नाही."

मी खडू तिच्या हातात दिला.